मोहाच्या झाडावरचा फोन

बेहडटोल्यात नेटवर्क एकाच जागी येतं. बोडीच्या पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, तो जुना मोह आहे ना, त्याच्या उगवतीकडच्या फांदीखाली. घरात फोन म्हणजे नुसती बॅटरी, अंधारात विंचू-काटा बघायला. म्हणून सकाळी ज्याने-त्याने आपला फोन पिशवीत घालायचा, पिशवी मोहाच्या फांदीला अडकवायची आणि कामाला लागायचं. कोणाची खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, कोणाची कुरखेड्याच्या कपड्याच्या दुकानातली. वारा सुटला की सगळ्या एकदम हलतात.

फोन वाजला की बोडीवर जो असेल त्याने तो उचलायचा. कपडे धुणारी असो की बैल धुणारा. हात पुसायचे, "कोन? काय काम?" विचारायचं आणि निरोप ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा. हा गावाचा रिवाज. एकदा लालसूने फोनला लॉक लावलं होतं. झालं! गावाने त्याचं नाव 'बँकवाला' पाडलं. लालसूने हात जोडून लॉक काढलं, पण नाव काही निघालं नाही. त्याच्या पोरांना आजही बँकवाल्याची पोरं म्हणतात.

त्याच फांदीला बायनाबाईचा फोन लटकायचा. हिरवी पिशवी, वरून दोरीची गाठ.

बायनाबाई म्हणजे गावची आशा. सरकारने आशा योजना आणली तेव्हा गावात आठवी शिकलेली बाई ती एकटीच. नवरा तेव्हाच गेलेला. म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं, ते आजवर. गरोदर बाईची नोंद, लेकराचं वजन, तापाच्या गोळ्या, बाळंतपणाची गाडी. हे सगळं तिने पायाने केलं आणि पायाने केलं तोवर तिची तक्रार नव्हती. मग वरून तिच्या हातात हा फोन आला. म्हणाले, आता सगळं यातच भरायचं. दिवसभर टोल्या-टोल्यातून, वस्ती-वस्तीतून तंगडतोड करायची, संध्याकाळी झाडाखाली बसून बोटाने टोचत राहायचं. निम्मं भरलं की नेटवर्क जायचं, सगळं पुसायचं. पुन्हा पहिल्यापासून. गुडघे गेले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. मीटिंगमध्ये साहेब विचारायचे, "बायनाबाई, तुमचीच माहिती कशी मागे राहते?" तिला वाटायचं, सांगावं या माणसाला, एक दिवस येऊन त्या मोहाखाली बसून बघ बापा. पण ती नुसतं "भरतो साहेब" म्हणायची. भांडायलाही अंगात जोर लागतो.

एक गोष्ट मात्र खरी. तिच्या पोटातली गोष्ट कधी बाहेर आली नाही. कोणाला दिवस गेले, कोणाचं पोट पडलं, कोणाचा नवरा मारतो, कोण चोरून गोळ्या घेते, सगळं तिला ठाऊक. नावं सांगायची ती नाही, आणि मी तर नाहीच नाही. बाया तिच्याकडे यायच्या, चुलीपुढे बसायच्या, बोलून मोकळ्या व्हायच्या. त्यांना माहीत होतं, बायनाबाईला सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं. दमलेल्या बाईला अभिमान वाटावा अशी तिच्याकडे ही एवढीच चीज होती. आणि तिला वाटायचं, आपलं तोंड बंद आहे ना, बस झालं. फोनलाही तोंड असतं हे तिच्या ध्यानात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही म्हणा.

सोमारीची पोरगी रंजीता. बारावी झालेली, शेतात वाघासारखी राबणारी पोट्टी. तिची सोयरीक जुळत आली होती. पलीकडच्या गावचा पवन, चांगला पोरगा, दोघांची आधीपासून ओळख. त्यांचं ते ठरलेलं होतं, फक्त मोठ्यांनी येऊन बोलायचं बाकी होतं. तेवढ्यात सिकलच्या तपासणीचं शिबिर लागलं. आपल्याकडे हा रक्तातला सिकलसेल घराघरात बसला आहे, सांगायला नको. बायनाबाईने गावातल्या बिनलग्नाच्या पोरापोरींना रक्त द्यायला लावलं, त्यात रंजीताही होती.

येताना वाटेत रंजीता मागे राहिली. तिने बायनाबाईचा पदर धरला.

"बाई, माहा रिपोर्ट आला तं मलेच सांगजा. मायले नाई, कोनालेच नाई."

"काऊन वं? घाबरली का?"

"घाबरली नाई. काही निघालं तं पवनले मी सांगन. माह्या तोंडानं. दुसऱ्याकून त्याच्या कानावर गेलं तं तो म्हनन, लपवलं हिनं. आन त्याच्या मोठ्या बापाचं घर तुमाले माहीत हाये."

माहीत होतं. पवनचा मोठा बाप, म्हणजे थोरला चुलता वामनराव, त्याची कवळी पोरगी सिकलनेच गेली होती. सांधे धरून रडायची, शेवटी रक्त मिळेपर्यंत उशीर झाला. त्या घरात या आजाराचं नावही कोणी घेत नाही.

"माह्या तोंडून जाणार नाई पोरी," बायनाबाई म्हणाली. आणि ते खरंही झालं. तिच्या तोंडून नाहीच गेलं.

पाहुणे आले तो दिवस मोह वेचायचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावरचा. सोमारीच्या अंगणात बाज टाकली होती, सारवण ताजं होतं, चुलीवर कोंबडा शिजत होता. वामनराव, पवनची आई, आणखी दोघे-तिघे. पवनही आला होता, नवा शर्ट घालून, मान खाली. बायनाबाई सोमारीला हाताखाली म्हणून गेलेली. खरं तर सकाळपासून तिची पाठ दुखत होती, पण सोमारीने सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? जाताना तिने फोन झाडाला अडकवला. आदल्या दिवशीची माहिती अजून वर चढायची होती.

बोडीत डोमा बैल धूत होता. आता डोमाबद्दल सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला उगाच शिव्या द्याल. डोमा मनाचा निर्मळ. मागे लालसूच्या बायकोला कळा लागल्या होत्या, तेव्हा असाच सिस्टरचा आवाजातला निरोप बायनाबाईच्या फोनवर आला होता, की गाडी नाल्यापर्यंतच येते, बाईला उचलून तिथवर आणा. तो डोमाने ऐकला आणि उघड्या पायाने गाव गाठलं. बाई वाचली, पोरगं वाचलं. तेव्हापासून सिस्टरचा निरोप म्हटला की डोमा काम टाकून धावायचा. गावाने त्याला त्यासाठी शाबासकी दिलेली, बायनाबाईने स्वतः चहा पाजलेला.

तर हिरव्या पिशवीत फोन टुंग करून वाजला. डोमाने हात लंगोटीला पुसले, फोन काढला, सिस्टरचं नाव आणि फोटो ओळखला, बोट लावलं. लॉक नव्हतं, कुलूप नव्हतं, काहीच नव्हतं. सिस्टरचा आवाज साऱ्या बोडीवर घुमला. "बायनाबाई, तुमच्या रंजीताचा रिपोर्ट आला. सिकल निघाला, पण ती फक्त वाहक आहे, तिला स्वतःला काही त्रास नाही. लग्न ठरत असेल तर मुलाचीही तपासणी करून घ्या, दोघंही वाहक असले तरच लेकरांना धोका. घाबरू नका म्हणावं." एवढा निरोप. डोमाने त्यातलं जितकं डोक्यात राहिलं तितकं उचललं आणि पळत सुटला.

अंगणात चहा वाटून होत होता. डोमा फाटकातून आत आला, धापा टाकत.

"बायनाबाई! सिस्टरचा निरोप हाये! आपल्या रंजीताले सिकल निघाला म्हन्ते!"

डोमाला आधी काही कळलंच नाही, तो शाबासकीची वाट बघत उभा. मग त्याने बाजेवरचे पाहुणे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

वामनरावने कप खाली ठेवला. भरलेलाच.

"थांबा भाऊ," बायनाबाई पुढे झाली, "आजारी नाई ते. वाहक असन. मी सांगतो तुमाले, वाहक म्हंजे..."

"बाई," वामनराव म्हणाला, आणि त्याचा आवाज रागाचा नव्हता, तेच वाईट. "माह्या पोरीच्या वक्ती बी लय जनांनी लय सांगितलं. आता मले समजावू नोका."

तो उठला. मग बाकीचे उठले. पवन बसून राहिला, त्याच्या आईने त्याचा दंड धरला. त्याने एकदा रंजीताकडे पाहिलं, काहीतरी विचारल्यासारखं, आणि गेला. कोंबडा तसाच चुलीवर राहिला. पाहुणा न जेवता उठून गेला की आपल्याकडे काय होतं ते मी कशाला सांगू? सोमारी उंबऱ्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबला.

रंजीता रडली नाही. डोमाकडे तिने पाहिलंही नाही. ती बायनाबाईपुढे येऊन उभी राहिली.

"मीच सांगनार होती, बाई," ती म्हणाली. "तेवढंच तं मांगलं होतं मी तुमाले."

बायनाबाईला वाटलं, हिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस बायनाबाईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती दोनदा सोमारीकडे गेली, सोमारीने दार लोटून घेतलं. वाहक म्हणजे काय ते सांगायला ती पवनच्या गावालाही गेली. वामनरावने पाणी दिलं, बसायला दिलं आणि विषय निघू दिला नाही. डोमा तिला वाटेत भेटला तर रडकुंडीला आला. "मले सांग बाई, माहं काय चुकलं? निरोप होता, मी पोचवला. मांगं बी असाच पोचवला होता नं?" त्याचं चुकलं नव्हतं. दोष शोधायला गेलं की बायनाबाईचं बोट फिरून-फिरून स्वतःकडेच यायचं. साऱ्या गावाच्या बायांचं पोटातलं तिने त्या फोनमध्ये भरलं आणि तो फोन चव्हाट्यावर टांगला. सरकारने भर म्हटलं, तिने भरलं. गावाने टांग म्हटलं, तिने टांगला. तिला स्वतःचा असा संताप आला आणि संताप करायचाही कंटाळा आला.

कुरखेड्याला मीटिंग होती. ती संपल्यावर ती इब्राहीमभाऊंच्या दुकानात गेली. इब्राहीमभाऊ पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता मोबाईल. दाढी पांढरी, डोळ्याला भिंग लावलेलं.

"भाऊ, याले कुलूप लावून द्या."

इब्राहीमभाऊंनी भिंग वर केलं. "आओ बाई, बसा. मांगल्या वर्षी मीच म्हनलो होतो तुमाले, लॉक लावून देऊ का. तं तुमी म्हनल्या, गाव हसन."

"हसू दे आता."

"हुआ क्या?"

ती सांगणार होती. मग थांबली. तेही तिचं सांगायचं नव्हतं. "झालं काहीतरी," एवढंच म्हणाली. इब्राहीमभाऊंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या टेबलावर सगळ्या तालुक्याचे फोन उघडे पडलेले असतात, न विचारायची त्यांना सवय आहे.

"पन भाऊ, एक अडचन हाये," ती म्हणाली. "लॉक लावलं तं फोन आला की कोन उचलन? बाळंतपनाचा फोन असला, गाडीचा असला, मी तं टोल्यात असतो."

"अरे बाई," इब्राहीमभाऊ हसले, "लॉक असलं तरी आलेला फोन उचलता येते. कोनीबी उचलन. फक्त आतलं काही दिसत नाई. मेसेज नाई, फोटो नाई, आवाजाचा निरोप नाई. पडद्यावर नुसतं येईन की काहीतरी आलं हाये. कोनाचं, काय, ते तुमी उघडल्यावर." त्यांनी खटाखट दोन-चार जागी बोट लावलं आणि फोन तिच्यापुढे सरकवला. "आता आकडे टाका. जन्माचं साल नोका टाकू, एक-दोन-तीन-चार नोका टाकू. पयले तेच टाकून पाहतेत लोकं."

आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुमी काऊन तिकडं पाहून राह्यले भाऊ?"

"मले दिसला तं मंग कुलूप कायले?"

बायनाबाईने आकडे टाकले. परत टाकले. झालं. चहा सांगितला होता, तो यायच्या आत झालं. ती स्टुलावर बसून राहिली, फोन हातात घेऊन.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

तेव्हा तिला रडू आलं. त्या अंगणात आलं नव्हतं, सोमारीने दार लोटलं तेव्हा आलं नव्हतं, ते इथे परक्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर आलं. फोन उचलण्यासाठी म्हणून गावाने कुलूप लावू दिलं नाही आणि कुलूप लावून फोन उचलता येत होता! कोणी बघितलंच नव्हतं. एका पोरीचं ठरलेलं घर मोडायला एवढीशी गोष्ट पुरली. इब्राहीमभाऊंनी चहाचा ग्लास तिच्या बाजूला ठेवला आणि पुन्हा भिंग लावून कामाला लागले.

गावात व्हायचं तेच झालं. "आता बायनाबाई बी बँकवाली झाली," बोडीवर कोणीतरी म्हणालं. ती म्हणाली, "झाली." डोमा दुखावला. हिरवी पिशवी वाजली तरी तो पाठ फिरवून बैल घासायचा. मग एके दिवशी बायनाबाईने त्याला झाडाखाली बसवलं, स्वतःच्या फोनवर लालसूच्या फोनवरून फोन लावला आणि दाखवलं. "हे पाय. वाजला तं उचल. बोलावनं असन तं धाव, पयल्यासारखा. बाकी आतलं तुह्यासाठी नाई. माह्यासाठी बी नाई. ते ज्याचं त्याचं हाये." डोमाने मान हलवली. त्याला पटलं की नाही ते कळलं नाही.

पण खरा मार वेगळाच बसला. बाया यायच्या थांबल्या. चुलीपुढे कोणी बसेना. वजन करायला लेकरू आणायच्या, गोळ्या न्यायच्या, "बरं हाये नं वं?" विचारलं तर "बरं हाये" म्हणायच्या आणि निघून जायच्या. एकीच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसत होतं, ती म्हणाली लाकूड लागलं. इतकी वर्षं ज्यांनी पोटातलं सांगितलं त्या आता तिच्या हातातल्या फोनकडे बघून बोलायच्या. तो बंद आहे, कुलूप आहे, किती सांगणार? बायनाबाईला रात्री जेवण जाईना. फोनला कुलूप लागलं तेव्हा आत ठेवायला कोणी काही देईनासं झालं. संध्याकाळी झाडाखाली बसून ती रकाने भरायची. नाही, नाही, नाही, काही त्रास नाही. साहेब म्हणाले, "या महिन्यात तुमची माहिती अगदी वेळेवर." तिला हसावं की डोकं आपटावं कळेना.

मोह गळून संपत आला होता. सकाळची वेळ, बोडीवर बाया कपडे धूत होत्या, बायनाबाईही तिचं लुगडं आपटत होती. हिरवी पिशवी वाजू लागली. डोमा तिथेच होता. त्याने बायनाबाईकडे पाहिलं, तिचे हात साबणाचे. तिने मान हलवली. त्याने फोन काढला आणि कानाला लावला.

"कोन?" त्याने सवयीने विचारलं. मग ऐकलं. "काय का..." आणि तो मध्येच थांबला. त्याने फोन पिशवीत तसाच चालू ठेवला, "थांबा, बोलावतो," म्हणाला, आणि पळाला. सोमारीच्या बांदीकडे, धानाच्या शेताकडे पळाला, जिथे रंजीता मोह वाळवत होती.

"रंजीता, तुहा फोन हाये. बायनाबाईच्या फोनवर."

"कोनाचा?"

"तुहं तूच इचार," डोमा म्हणाला.

हे मला रंजीतानेच नंतर सांगितलं, म्हणून सांगतो. सारं गाव ज्याच्या "कोन? काय काम?"ला कंटाळलेलं, तो डोमा!

रंजीता झाडाखाली आली. पिशवीतून फोन घेतला, ऐकला आणि तिची मान ताठ झाली. डोमा उलटा फिरला आणि बोडीतल्या बायांवर ओरडला, "काय पाहून राह्यल्या वं? कपडे घ्या आन तिकडच्या काठाले जा!" बाया कुरकुरल्या. मग एकेक करून त्यांनी ओले पिळे उचलले आणि पलीकडे गेल्या. लालसूची बायको जाता जाता पाठ करून चालली, इब्राहीमभाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं तशी. बायनाबाईही गेली. तिचे गुडघे ठणकत होते, पण ती सगळ्यात लांबच्या दगडावर जाऊन बसली.

"काय बोलत असन बाई?" डोमाच्याने राहवेना.

"चूप बस."

रंजीता बराच वेळ बोलली. हात हलवून, मग खाली बसून, मग नुसती ऐकत. शेवटी ती पारीवरून चालत आली आणि फोन बायनाबाईच्या हातात दिला. डोळे लाल होते, पण आवाज साफ होता.

"बाई, पवन बुधवारी दवाखान्यात येऊन राह्यला. रक्त द्याले. मोठ्या बापाले न सांगता येऊन राह्यला. तुमी चालान का संगं?"

"चालन वं."

"त्याचा रिपोर्ट आला तं त्याले सांगजा. फक्त त्याले. मले बी नाई. त्याचं तो सांगन मले."

बायनाबाईने फोन पदराने पुसला. इतक्या दिवसांनी कोणीतरी तिच्याकडे काही ठेवायला दिलं होतं. "फक्त त्याले," ती म्हणाली.

पवनचा रिपोर्ट आला. बायनाबाईने तो झाडाखाली उघडला, आकडे टाकताना पाठ गावाकडे करून, आणि पवनच्या गावापर्यंत चालत जाऊन त्यालाच सांगितला. त्याने रंजीताला सांगितला. मग त्या दोघांनी काय ठरवलं ते त्यांनी स्वतः वामनरावला सांगितलं, सोमारीला सांगितलं, सगळ्यात शेवटी गावाला. रिपोर्टात काय होतं म्हणता? ते त्या तिघांना ठाऊक आहे. मोहाच्या झाडाला ठाऊक नाही.